आर्डिथने पॉमरॉयचं गवत पोसलं

आर्डिथ केस्टनर माझी शेजारीण होती, आणि तिच्याइतका डूख धरणारी बाई मी कोल्टन क्रीकमध्ये दुसरी पाहिली नाही. हे मी कौतुकाने सांगतेय. हल्ली लोकांना राग धरता येत नाही. दुपारी भांडतात आणि संध्याकाळी चर्चच्या जेवणात एकाच बाकावर बसून मक्याची कणसं खातात. आर्डिथचं तसं नव्हतं. तिचा राग लोणच्यासारखा, मुरला की मग खरी चव.

गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्म काढला. हातात मोठा डाव, डोक्यावर जाळी, आणि समोर ताटं घेऊन उभी पोरं. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं जेवून मोठ्या झाल्या. म्हणून बँकेचा मॅनेजर असो की शेरीफ, तिच्यापुढे आला की तिला तो वाटाणे रुमालात लपवणारा पोरगाच दिसायचा. मला म्हणायची, "लू, पोर उपाशी राहून जेवढं आजारी पडत नाही ना, तेवढं जत्रेत खाऊन पडतं. मी नर्सच्या खोलीत रांग बघितलीय."

तिचा नवरा वर्लिन धान्याच्या कोठारावर कामाला होता. बोलायला फार कमी. घरासमोर त्याने ब्लूग्रास जातीचं गवत लावलं होतं आणि त्याच्याशी तो आमच्यापेक्षा जास्त बोलत असावा. सगळं गाव एप्रिल-मे महिन्यात गवताला खताची पोती रिकामी करायचं, कारण चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीला प्रत्येकाला आपलं अंगण हिरवंगार दिसायला हवं असे. वर्लिन मात्र उन्हाळाभर खताला हात लावत नसे. सप्टेंबरात हवा जरा गार झाली की एकदा, आणि पानगळ उरकल्यावर पुन्हा एकदा. बस.

"आपलं गवत थंडीचं आहे," तो म्हणायचा. "उन्हाळ्यात ते झोपतं. झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबू नये, ठसका लागतो."

लोक हसायचे. पण ऑगस्टमध्ये लोकांच्या अंगणात तपकिरी चट्टे उठायचे आणि वर्लिनचं गवत जरासं मलूल, पण जिवंत असायचं. मग तो पोर्चवर बसून आइस्ड टी प्यायचा आणि काही म्हणायचा नाही. ते काही न म्हणणं लोकांना फार झोंबायचं.

आमच्याकडे कोणाच्या घरी दुखणं आलं की दोन गोष्टी कोणी न विचारता होतात. ओट्यावर झाकलेली खाण्याची भांडी येऊन पडतात, आणि शेजारी गवत कापून जातो. आभार मानायचे नसतात, आणि मानून घ्यायचेही नसतात. माझा नवरा गेला त्या उन्हाळ्यात माझं अंगण वर्लिननेच कापलं. मी खिडकीतून बघितलं, त्याने मान हलवली, मी मान हलवली. संपला विषय.

तर वर्लिनला पक्षाघाताचा झटका आला तो जूनचा शेवट होता. मी नेमकी टोलीडोला, मुलीच्या बाळंतपणाला. आर्डिथ रात्रंदिवस इस्पितळात, आणि पुढे त्याला घरी आणल्यावर त्याच्या उशाशी. त्यांच्या एका बाजूला माझं घर, त्याला कुलूप. दुसऱ्या बाजूला ड्वाइट पॉमरॉय.

हा पॉमरॉय डेटनहून आलेला. विमा विकायचा. उन्हाळ्यात पांढरे बूट घालायचा आणि गवत कापायच्या मशीनवर असा बसायचा की जणू राज्याभिषेक चाललाय. गावातल्या सौंदर्य कमिटीवर तो स्वतःहून गेला होता. नाकाने कांदे सोलणारा माणूस. वर्लिन पडल्यावरच्या तीन आठवड्यांत त्याने आपलं अंगण किती वेळा कापलं असेल, पण दरवेळी मशीन आर्डिथच्या हद्दीपर्यंत यायचं आणि तिथे वळायचं. एक चाकभर पलीकडे नाही. पलीकडे वर्लिनचं गवत गुडघ्याला लागलेलं.

एक दिवस पॉमरॉयने टाउन ऑफिसला फोन केला. आठ इंचांच्या वर गवत वाढू द्यायचं नाही असा गावचा नियम आहे. नियम खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो नियम ओसाड घरांसाठी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे.

टाउनची माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. भर जुलैच्या दुपारी त्यांनी ते उंच वाढलेलं गवत मुळापर्यंत खरवडलं. रस्त्याकडेचं रान कापावं तसं. वर्लिनचा पलंग पुढच्या खिडकीशी लावलेला होता, आपलं अंगण दिसावं म्हणून. त्याचं अर्धं अंग लुळं, पण डोळे शाबूत. त्याने सगळं बघितलं. पुढच्या आठवडाभरात उन्हाने त्या खुंटांचा पेंढा झाला. तेव्हा जड जिभेने तो म्हणाला, "पडदा लाव, आर्डिथ." त्यानंतर तो महिनाभर जगला, पण पडदा उघडू दिला नाही.

फोन कोणी केला ते टाउन ऑफिसातल्या मुलीने आर्डिथला सांगितलं. तीही तिच्याच हातचं जेवून वाढलेली.

आणि दफनाच्या दिवशी हा पॉमरॉय पांढरे बूट घालून आला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "फार वाईट झालं. निदान अंगण तरी आता नीटनेटकं दिसतंय." मी शेजारी उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आर्डिथ म्हणाली, "आल्याबद्दल आभार."

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले. "अगं, बोलली का नाहीस? थोबाडीत का नाही दिलीस?"

"बोलले असते तर त्याने माफी मागितली असती," ती टोपी काढत म्हणाली. "चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. आणि मग मला माफ करावं लागलं असतं. मला नाही करायचं."

त्यानंतर तिने या विषयावर वर्षानुवर्षं चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, विसरली. मी मूर्ख.

टाउनच्या ट्रॅक्टरला मेपलच्या झाडाखाली शिरता आलं नव्हतं, म्हणून तिथे वर्लिनचं ताटभर गवत तेवढं वाचलं होतं. दर शरद ऋतूत आर्डिथ त्यातले मुळांसकट ठोंब खुरप्याने काढायची आणि उघड्या जागेत लावत जायची. वितीवितीने. ब्लूग्रास जमिनीखालून पसरतं, पण त्याला घाई चालत नाही. खताचं वेळापत्रक वर्लिनचंच, पाणी सकाळी आणि क्वचित, पण भरपूर. गुडघे टेकून, पाठ वाकवून म्हातारी ते करायची आणि मी कुंपणाशी उभी राहून बीन्स मोडायचे आणि तिची चेष्टा करायचे.

"नवऱ्याला पुन्हा रुजवतेयस का गं?"

"उगवला तर तुला देईन," ती म्हणायची. "घोरतो."

असं करत करत अख्खं अंगण भरलं. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी वेग कमी करायला लागल्या. पॉमरॉयने खत टाकणाऱ्या कंपनीचा ट्रक लावलेला, तरी त्याचं गवत आर्डिथच्या शेजारी हिणकस दिसायचं. तो कुंपणापलीकडून बघायचा आणि मिशी चावायचा.

मग त्याच्या पोरीचं, जोलीनचं, लग्न ठरलं. जुलैच्या मध्यावर, घरच्याच अंगणात, पांढरा तंबू ठोकून. मुलाकडचे लोक सिनसिनाटीचे, बऱ्यापैकी बडे. पॉमरॉयला नुसतं लग्न लावायचं नव्हतं, दाखवायचं होतं. एप्रिलमध्ये एका सकाळी तो टोपी हातात घेऊन आर्डिथच्या पोर्चवर आला. मी आत कॉफी पीत बसले होते. जाळीच्या दारातून सगळं ऐकू येत होतं.

"मिसेस केस्टनर, तुमच्या गवताचं काय गुपित आहे हो? ट्रकवाल्यांना काही येत नाही. लग्नाच्या दिवशी असं दिसायला हवं की माणसाने बूट काढून चालावं."

मला तिची पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली आणि मग एकदम सैल.

"बसा ना, मिस्टर पॉमरॉय," ती म्हणाली. "पाय भाजलाय, एक तुकडा घेता का? रुबार्बच्या देठांचा, गोड."

त्या आवाजात इतकी साखर होती की माझी कॉफी कपातच थांबली.

तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. आत्ताच राय गवताचं बी पेरा, भरपूर, दाट; ते झटपट उगवतं आणि चकाकतं. मेमध्ये खत द्या. जूनमध्ये पुन्हा द्या. लग्नाच्या आधी आणखी एकदा, नत्र चांगलं चढं असलेलं. गवत आखूड ठेवा, गालिच्यासारखं. आणि पाणी रोज, न चुकता, सूर्य मावळल्यावर.

"संध्याकाळी?" पॉमरॉयने विचारलं. "तुम्ही तर सकाळी घालता."

"माझं काय, मी म्हातारी बाई, सकाळी दुसरं काम नसतं. दुपारचं ऊन पाणी पिऊन टाकतं. संध्याकाळी घातलंत तर रात्रभर गवताच्या अंगावर राहील ना."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "रात्रभर राहील."

"आणि उन्हाळ्यात खत..." त्याने घास तोंडात असतानाच विचारलं, "म्हणजे मी तुम्हाला कधी घालताना बघितलं नाही."

"मी काय रोज लग्न लावते का? लग्नाचं गवत वेगळं."

तो गेल्यावर ती आत आली आणि बशी धुवायला लागली. मी तिच्याकडे बघतच राहिले. वर्लिनने आयुष्यभर जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते ते तिने एकेक करून त्या माणसाला करायला सांगितलं होतं.

"आर्डिथ, अगं, ते गवत मरेल."

"लगेच नाही मरणार. आधी फार सुंदर होईल." तिने बशी पुसून फडताळात ठेवली. "लाडाने वाढवलेलं पोर बघितलंयस ना? गुबगुबीत, गुलाबी. पहिल्या साथीत तेच जातं."

मी तिला थांबवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मला थांबवायचं नव्हतं. मला पायचा दुसरा तुकडा हवा होता, आणि पुढचं बघायचं होतं.

पॉमरॉय आज्ञाधारक निघाला. मेमध्ये त्याचं गवत असं तरारलं की काय सांगू. जूनमध्ये तर डोळ्यांना टोचेल इतकं हिरवं, मऊ, रसरशीत. रोज सूर्य मावळला की त्याचे फवारे सुरू व्हायचे, छक छक छक, आणि आर्डिथ पोर्चवरच्या झोपाळ्यावर बसून ते संगीत ऐकल्यासारखी ऐकायची. त्या महिन्यात बागमंडळाची पाटी त्याच्या अंगणात लागली, 'महिन्याचं सर्वांत सुंदर अंगण'. ती आधीच्या दोन्ही वर्षी आर्डिथकडे होती. पॉमरॉय स्वतः सांगायला आला.

"सगळं श्रेय तुमचं, मिसेस केस्टनर!"

"अजून कुठे," आर्डिथ म्हणाली. "लग्न होऊ द्या, मग द्या श्रेय."

मला मात्र घाम फुटला होता. पाऊस नाही, रात्री गार, त्याचं गवत दिवसेंदिवस देखणं. मी म्हटलं, "बाई, तू शत्रूला बक्षीस मिळवून दिलंस. बसलीस आता हात चोळत."

"थांब जरा. जुलै यायचाय."

त्याच आठवड्यात जोलीन पत्रिका द्यायला आली. गोड पोरगी, बापावर अजिबात गेलेली नाही. तिने आर्डिथला मिठी मारली, म्हणाली, "बाबा सांगत होते, तुमच्यामुळे माझं लग्न असं होणार आहे. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं." ती गेल्यावर मी पत्रिका आर्डिथपुढे धरली.

"आर्डिथ, या पोरीने तुझं काय बिघडवलंय?"

"वर्लिनने त्याचं काय बिघडवलं होतं?"



चार जुलै उलटला आणि हवा बदलली. दिवसा तव्यासारखं ऊन, दुपारी गडगडाट आणि पाऊस, आणि रात्री अशी दमट की चादर अंगाला चिकटावी. पंख्यापुढे बसूनही केस ओले. आर्डिथ सकाळी उठली की पोर्चवर उभी राहून हवेचा वास घ्यायची, पावाचं पीठ फुगलंय का बघावं तशी. गोल्फच्या मैदानावरचा माळी तिच्या शाळेतलाच. त्याच्याकडून तिने बुरशीच्या औषधाची एक बाटली आधीच आणून गराजमध्ये ठेवली होती, आपल्या अंगणापुरती. कारण अशा दमट हवेत खत खाऊन मऊ पडलेल्या, रात्रभर ओल्या गवताला बुरशी धरते, आणि ती एकदा शेजारी आली की पाण्याबरोबर, बुटांबरोबर, मशीनच्या चाकांबरोबर कुठेही जाते. ते औषध दुकानात मिळत नाही, मागवलं तर आठवडा जातो. म्हातारीने सगळा विचार केला होता.

फक्त एका गोष्टीचा केला नव्हता. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. ती स्वयंपाकघरात दुमडून पडली, मी तिला गाडीत घालून काउंटीच्या इस्पितळात नेलं, आणि त्यांनी त्याच दिवशी पोट फाडलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय? "हवा कशी आहे बाहेर?"

"उकडतंय. रोज पाऊस."

"छान," म्हणाली आणि झोपली.

मंगळवारी तिला घरी सोडलं. लग्न शनिवारी. मी गाडी आमच्या रस्त्याला वळवली आणि दुरून बघितलं, तर पॉमरॉय आर्डिथच्या अंगणाच्या कडेला उभा राहून दोन्ही हात हलवतोय. आणि आर्डिथचं गवत कापलेलं. स्वच्छ, ताजं, आखूड.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझं गवत..."

"गाडी थांबव," ती म्हणाली.

पोटावर टाके असताना ती दाराला धरून उतरली. मी पलीकडून धावले. आणि मग मलाही दिसलं. गवतावर लांबच्या लांब पट्टे होते, काळपट, तेलकट, ओल्या पानांना कोणी तुपाचा हात फिरवावा तसे. सरळ रेषेत जाऊन कोपऱ्याशी वळलेले, पुन्हा सरळ. मशीनची चाकं जिथून जिथून गेली, तिथून तिथून. मेपलच्या खालून सुद्धा. पॉमरॉयचं मशीन टाउनच्या ट्रॅक्टरपेक्षा लहान, ते आत शिरलं होतं.

"कसं वाटतंय आता, मिसेस केस्टनर?" पॉमरॉय जवळ आला. चेहरा असा फुललेला. "मी म्हटलं, बाई इस्पितळात, गवत वाढत चाललंय. शेजारी असतात कशाला! काल पहाटेच उरकलं. आधी माझं, मग लगेच तुमचं. दव होतं जरा, पण म्हटलं असू दे. आभार मानू नका हं."

आर्डिथ वाकली. टाके ओढले असणार, तिच्या तोंडून आवाज निघाला. तिने एका पट्ट्यावर हात ठेवला, बोटं चोळली, वास घेतला. मी तिच्या दंडाला धरून होते.

"एक विचारायचं होतं," पॉमरॉय म्हणाला आणि त्याचा आवाज खाली आला. "माझ्या इथे, तंबूच्या जागेवर, पहाटे कापसासारखं काहीतरी दिसतंय. काल ताटाएवढं होतं, आज टेबलाएवढं. हात लावला तर गवत लिबलिबीत. शनिवारी लग्न आहे हो. तुमच्याकडे काही उपाय असेल ना?"

"लू," आर्डिथ माझ्याकडे न बघता म्हणाली, "गराजमधली बाटली आण."

मी आणली. पॉमरॉयने ती बघितली आणि बुडत्याला ओंडका दिसावा तसे त्याचे डोळे झाले.

"औषध आहे! देवा!"

"आहे. एका अंगणापुरतं आहे."

त्याने तिच्या गवताकडे बघितलं, मग स्वतःच्या. तेवढं त्यालाही कळलं. "मिसेस केस्टनर, माझ्यासाठी नका देऊ. जोलीनसाठी द्या. तुमचं जे जाईल ते मी सप्टेंबरात स्वतः पेरून देतो. शब्द देतो. गुडघे टेकून पेरतो."

आर्डिथने बाटली हातात घेतली.

"माझा वर्लिन आजारी होता," ती म्हणाली, "तेव्हा टाउन ऑफिसला फोन कोणी केला?"

"कसला फोन?"

"आमचं गवत वाढलं होतं. ट्रॅक्टर आला. फोन कोणी केला?"

पॉमरॉयने कपाळाला आठ्या घातल्या. मी त्याच्याकडे रोखून बघत होते. खोटं बोलायला लागला असता तर मला कळलं असतं. सगळ्या विमेवाल्यांचं कळतं. पण तो खरोखर आठवत होता. मनापासून प्रयत्न करत होता बिचारा, मदत व्हावी म्हणून.

"असेल, मीच केला असेल," तो म्हणाला. "तेव्हा मी कमिटीवर होतो ना, पुष्कळांचे करायचो. नीट आठवत नाही. का बरं?"

का बरं!

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, त्याने नाही म्हणायला हवं होतं, किंवा हो म्हणायला हवं होतं, किंवा पाया पडायला हवं होतं. या सगळ्याची उत्तरं आर्डिथने इतकी वर्षं बशा धुताना, ठोंब लावताना मनात घोळवून ठेवली होती. 'नीट आठवत नाही' असं तो म्हणेल हे तिने धरलंच नव्हतं. तिचा चेहरा असा झाला की मला तो बघवेना. ती जे इतकी वर्षं छातीशी धरून बसली होती, ते त्याच्या खिशातून कधीच गळून पडलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

तिने बाटलीचं झाकण फिरवायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, घाल बाई, आपल्या गवतावर घाल. त्याच्या डोळ्यांदेखत घाल. अजून निम्मं तरी वाचेल. फवारणीचा पंप आणायला मी वळलेसुद्धा.

ती मात्र गवताकडे गेलीच नाही. दोन घरांच्या मध्ये खडीची वाट आहे, तिथे ती एक हात पोटावर दाबत गेली. आणि बाटली उलटी धरली. गळागळा सगळं औषध खडीत गेलं.

"अहो! अहो, हे काय!" पॉमरॉय पुढे धावला.

"आर्डिथ!" मी किंचाळले. "अगं, वर्लिनचं गवत आहे ते!"

तिने शेवटचा थेंब झटकला, बाटलीचं झाकण परत घट्ट लावलं आणि ती पॉमरॉयच्या हातात दिली.

"आता हे विसरून दाखव," ती म्हणाली.

मग तिने त्याला सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, खिडकी, दफनातलं त्याचं वाक्य, आणि राय, खत, संध्याकाळचं पाणी, ते सुद्धा. काही लपवलं नाही. तो रिकामी बाटली धरून ऐकत राहिला. पांढऱ्या बुटांना खडीतलं औषध लागलं होतं.

शनिवारपर्यंत तिच्या पोर्चपासून त्याच्या गराजपर्यंत एकच तपकिरी पट्टा झाला. कुठे एकाचं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. ओल्या कोंबडीचा असतो तसा वास. सिनसिनाटीचे पाहुणे टाचांच्या बुटांनी चिकचिकाटातून चालत आले आणि एकमेकांकडे बघत राहिले. जोलीन देखणी दिसत होती; तिने झग्याचा घेर स्वतःच हातात उचलून धरला आणि हसून घेतलं. आर्डिथ निळा पोशाख घालून पुढच्या रांगेत जाऊन बसली, मी तिच्या शेजारी. बाप मुलीला घेऊन येताना आमच्यासमोरून गेला. त्याने आर्डिथकडे बघितलं. मी आयुष्यात कोणाला असं बघताना पाहिलं नाही. तो माणूस आता मरेपर्यंत काही विसरणार नव्हता.

केक कापायच्या आत मी तिला घरी आणलं. पोटाचं निमित्त होतं. पायऱ्यांपर्यंत ती ताठ चालली. पायरीवर बसली, बूट काढले, आणि समोरच्या त्या कुजक्या तपकिरी अंगणाकडे बघत रडायला लागली. वर्लिन गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. हुंदक्यांनी टाके दुखत होते तरी थांबेना. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. शेवटी न राहवून विचारलं, "पस्तावलीस का गं?"

तिने निळ्या बाहीने नाक पुसलं.

"गवताचं फार वाईट वाटतंय," ती म्हणाली. "पॉमरॉयचं नाही."